गव्हाळ्याच्या रिठीवरचा धूर

आमच्या मोहदऱ्याहून कुठल्याही दिशेला निघालं, तरी पुढचं माणूस भेटेपर्यंत तोंडाला कोरड पडायची. घाटंजीकडे जाणारी बैलगाडीची बंडीवाट सोडली, तर बाकी साऱ्या वाटा जंगलात नाहीतर कुणाच्या तरी वावरात जाऊन संपायच्या. उगवतीला सागवानाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर कोलामांचं पोड, म्हणजे कुडाच्या चार घरांची वस्ती. मावळतीला मुरमाड बरड, आणि बरडाच्या पलीकडल्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा. होळीच्या दिवसांत वारा तिकडून असला, की तांड्यातली डफडी आमच्या ओट्यावर ऐकू यायची. एरवी तांडा आहे हे विसरायला व्हायचं. खालच्या बाजूला नाला, आणि नाल्याच्या पल्याड गव्हाळा. पण गव्हाळ्यात कुणी राहत नव्हतं. उठून गेलेल्या गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. सरकारी कागदावर रिठीला नाव असतं, शीव असते, वावरं असतात. फक्त माणूस नसतो.

पुढे मी पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत अनुरेखक म्हणून लागले आणि उभा जन्म नद्यानाल्यांच्या रेघा ओढण्यात गेला. आमच्या भागाचा नकाशा हाती आला, की काम लवकर उरकायचं. गावांची नावं दूर दूर, मधे नुसता कोरा कागद. शेजारच्या टेबलावरची मुलगी अमरावतीकडची होती. तिला नावं बसवायला जागा पुरायची नाही. ती वाकून माझा कागद पाहायची आणि म्हणायची, "शांताबाई, तुमच्याकडे तर काहीच नाही!" मी हसून गप्प बसायची. माणसं जिथे विरळ असतात तिथे एकेक माणूस किती जड होतं, हे तिला कसं सांगणार? दाट वस्तीत अनोळखी माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही. आमच्याकडे दूरवर बरडावर एक छत्री दिसली, तरी निम्मं गाव हातातलं काम टाकून उभं राहायचं. छत्री कुणाची हे कळेपर्यंत कुणाला चैन पडायची नाही, आणि कळल्यावर तो इकडे कशाला आला हे कळेपर्यंत तर मुळीच नाही.

बाबा गावचे पोलीस पाटील. त्यामुळे हा संशय आमच्या घरी नुसता स्वभाव म्हणून नव्हता, कामाचाच भाग होता. संध्याकाळी ते ओट्यावर पानतंबाखू घेऊन बसले, की डोळे बंडीवाटेकडे आणि कान चारी दिशांना. बंडीच्या आसाची करकर ऐकून ती कुणाची हे त्यांना कळायचं. कुत्रं कुठल्या तोंडानं भुंकतंय, टिटवी नाल्याच्या अल्याड ओरडली की पल्याड, यावरून ते आत माझ्या मायला सांगायचे, "कोनी तरी येऊन राह्यलं." आणि माय चुलीपुढून म्हणायची, "येऊ द्या नं एखादं. मानूस पाहून किती दिवस झाले."

माय बाभुळगावची. तिच्या माहेरी घराला घर लागून. एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे ठसका लागायचा. लग्न होऊन ती मोहदऱ्यात आली तेव्हा इथली शांतता तिला बाधली. ती सांगायची, की पहिले काही महिने तिला वाटायचं, ही सगळी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. एवढी काळी माती, एवढं पाणी, आणि माणसं नाहीत? बाबांना माणूस दिसलं की संशय यायचा. मायला माणूस नसल्याचा संशय यायचा. दोघांचा संसार असा एका चुलीवर दोन संशय शिजवीत चालला होता.

तिच्या हाताला चव होती, पण खायला घालायला माणसं नव्हती, हे तिचं दुःख. आम्ही तिघंच. तरी ती तुरीच्या दाण्यांची आमटी जास्तीची करायची, अंबाडीची भाजी पातेलंभर रांधायची आणि वर कच्च्या तेलाची धार धरून वाटेकडे पाहत बसायची. थंडीत ज्वारीच्या कण्या शिजायच्या. जाड भरडलेली ज्वारी मंद विस्तवावर रटरटत राही, आणि तो बुडबुड आवाज हीच आमच्या घरातली मोठी हालचाल. कण्या, वर घट्ट दही, बाजूला लाल मिरचीचा ठेचा. आता यवतमाळला माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर कुकरच्या शिट्ट्या होतात, वरच्या मजल्यावर कुणाची तरी मिक्सरची घरघर असते. कण्या मी अजून करते. पण त्यांचा आवाज काही ऐकू येत नाही.

तर गव्हाळा. नाला उतरून वर चढलं, की आधी चिंचेची जुनाट झाडं लागायची. त्यांच्या सावलीत घरांचे नुसते उंचवटे उरलेले. दगडी विहीर, बिनछपराचा मारुती आणि एका उंचवट्याशी जात्याची अर्धी तळी. भोवतालची वावरं मात्र ओस नव्हती. ती मोहदऱ्याच्या लोकांनी पिढ्यांमागे कसायला घेतली, मग त्यांचे पट्टे झाले. आमचं सगळ्यात चांगलं वावर तिथलंच. चिंचेचं वावर म्हणायचे त्याला. त्याच्या लगतचं गणपतकाकांचं. गणपतकाका बाबांचे चुलतभाऊ, अंगानं दणकट आणि डोक्यानं तापट. गाव का उठलं असं विचारलं, की सगळे एकच सांगायचे, पटकी आली. त्यापुढं कुणी बोलायचं नाही. ही गोष्ट घडली तेव्हा मी सातवीची परीक्षा देऊन घरी बसले होते, कारण पुढची शाळा घाटंजीला, आणि पोरीला तिकडे एकटी कसं ठेवायचं यावर बाबांचा निर्णय होत नव्हता.

कापसाची शेवटची वेचणी झाली होती, वावरांत पऱ्हाट्या वाळत उभ्या होत्या आणि बरडावरचे पळस नुकते पेटले होते. एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर नाल्याच्या पलीकडे चिंचांच्या शेंड्यांवरून धूर निघताना दिसला. जंगलातल्या वणव्याचा पसरट धूर नव्हता तो. बारीक, सरळ, चुलीचा धूर. मी मायला हाक मारली. माय बाहेर आली, तिनं डोळ्यांवर हात धरला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. बाबा मागून आले. त्यांनी धूर पाहिला आणि पायांत वहाणा घातल्या.

गणपतकाकांना घेऊन ते गेले ते दुपारी परतले. हकीकत अशी निघाली, की एक माणूस, बरोबर त्याची म्हातारी आई, एक बंडी आणि एक बैलजोडी. माणसाचं नाव राजन्ना. पैनगंगेच्या पल्याडून, आदिलाबादच्या बाजूनं आलेला. मराठी बोलतो, पण तिकडच्या हेलात. जात सांगितली तीही गणपतकाकांनी अर्धीच मानली.

"म्हनते, मायले इथंच राहाचं हाये," बाबा पाटावर बसता बसता म्हणाले. "तिचा जनम इथला म्हनते."

"खोटं हाये सारं," गणपतकाका ओट्यावरूनच ओरडले. "दादा, आज बुढी आनली, उद्या वकील आनीन. वावर मांगाले आला थो."

माय भाकरी थापता थापता थांबली. "बुढी लय थकली हाये काय?"

"तुले कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात रागापेक्षा काळजी होती, हे मला कळलं. वावराचा कागद त्यांच्या नावाचा होता, तरी ते त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

चार घरांच्या गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, पण ती पसरताना फुगते खूप. कुणी म्हणालं, तो गुप्तधन काढायला आलाय. गव्हाळ्याच्या लोकांनी जाताना हंडे पुरून ठेवले होते. एकानं तर त्याला चिंचेखाली खणताना पाहिलं होतं. कुणी म्हणालं, धरण होणार आहे, हा आधी येऊन बसलाय, मोबदला घेईल. विहिरीचं पाणी पिऊन कुणाच्या तरी गाईला हगवण लागली, तर तेही त्याच्या माथी गेलं. राजन्ना बिचारा गावात मीठमिरची घ्यायला आला, की दुकानदार आधी त्याचे हात पाहायचा, माती लागलीय का म्हणून. तांड्यातले लोकही त्या वाटेनं जाताना बैल पळवायचे. या एवढ्या मोठ्या मोकळ्या मुलुखात दोन माणसांना जागा होत नव्हती.

शेवटी माय गेली. तिनं कण्यांचं भगुणं फडक्यात बांधलं, त्यावर दह्याची वाटी ठेवली आणि मला म्हणाली, "चाल." लोकांनी नंतर तिच्या दयेची गोष्ट केली, पण मी सोबत होते म्हणून सांगते, ती दयेनं गेली नव्हती. ती पाहायला गेली होती. वाटेत ती मला बजावत होती, "तू खेळल्यावानी कर अन् इकडंतिकडं पाह्य. कुठं खनलं हाये त ध्यानात ठेव."

खणलं होतं, ते चुलीसाठी. चिंचेच्या मुळाशी, वारा लागू नये म्हणून. बंडीला तट्ट्या लावून आडोसा केला होता आणि आत गोधडीवर एक म्हातारी भिंतीला टेकावं तशी चाकाला टेकून बसली होती. इतकी लहान, की मला आधी वाटलं, आत कपड्यांचं गाठोडं आहे. तिचं नाव भीमाबाई. डोळ्यांत पडदा आलेला. राजन्ना उठून उभा राहिला. उंच, वाकलेला, घाबरलेला माणूस. त्यालाही आमचा संशय येत होता, हे त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. भगुण्याकडे त्यानं पाहिलं, पण हात पुढे केला नाही. माय ते ओळखून खाली बसली, तिनं एक घास आधी स्वतः खाल्ला आणि मग भगुणं पुढे सरकवलं.

म्हातारीनं मायचा हात धरला, बांगड्यांवरून बोटं फिरवली. "कोनाची वो तू?"

"सून हाये मोहदऱ्याची."

म्हातारीनं हात सोडून दिला.

"माहेर बाभुळगावचं," माय म्हणाली.

"मंग दे," म्हातारी म्हणाली आणि कण्यांत बोटं घातली.

त्यानंतर माय रोज जाऊ लागली. मी सोबत असायचे, पण दोघी बोलू लागल्या की राजन्ना बैलांना पाण्यावर न्यायचा आणि माय मला विहिरीकडे पिटाळायची. विहिरीच्या कठड्यावर बसून मला त्यांचे आवाज ऐकू यायचे, शब्द नाही. म्हातारीचं बोलणं बोबडं, दात नसलेलं, निम्मं तेलुगू मिसळलेलं. माय अधूनमधून 'हो', 'मंग?', 'असं काय' म्हणत असायची. एकदा मी वळून पाहिलं, तर म्हातारी हात लांब करून नाल्याकडे दाखवत होती आणि मायनं पदर तोंडाला लावला होता.

घरी आलं, की बाबा विचारायचे, "काय म्हनते थे?"

"कण्यात मीठ कमी हाये म्हनते."

"अन् वावराचं?"

"वावराचं तुमीच म्हनून राह्यले. थे त काही म्हनत नाई."

बाबांचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसायचा नाही. माय एवढी बोलकी बाई. रोज तास-दोन तास ऐकून येते आणि सांगायला तिच्याजवळ फक्त मीठ? पण ती चुलीपुढे बसून गप्प राहायची, कण्या ढवळायची, आणि तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी असायचं. आमच्या गावाकडे, आमच्या माणसांकडे ती नव्यानं पाहू लागली होती. सीतारामबुवा, गावातले सगळ्यात वयस्कर, काठी टेकत अंगणातून गेले, की ती त्यांच्या पाठीकडे बघत राहायची.

मग एका सकाळी राजन्ना नाल्याच्या अल्याड आला आणि गावाबाहेरच उभा राहिला. डोक्याला बांधलेलं फडकं त्यानं काढून हातात घेतलं होतं. म्हातारी पहाटे गेली होती. त्याला लाकडं हवी होती, आणि जागा. जागा तिनं स्वतः सांगून ठेवली होती. नाल्याच्या काठाला, जिथं गव्हाळ्याचं मसनवट होतं तिथं. ते आता आमच्या चिंचेच्या वावराचं टोक होतं.

गणपतकाका हे ऐकून बाबांच्या आधी धावले. "जमनार नाई. आपल्या मसनात जाळ म्हना. नाईतर बंडीत घाल अन् ने नदीवर. दादा, वावरात मढं जाळू देलं, की उद्या म्हनीन, आमचे पूर्वज इथं हायेत."

"बुढी मेली तरी हाये काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि खरंच, आधी ते पाहायला माणसं गेली. मीही मागोमाग गेले. मला कुणी अडवलं नाही. चिंचेखाली गोधडीवर ती तशीच, गाठोड्याएवढी. एकानं वाकून नाकापुढे बोटं धरली. राजन्ना हे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कुठल्या मुलुखात आलो, असं काहीतरी होतं.

बाबा पाटील म्हणून मधे उभे राहिले. एकीकडे त्यांचा स्वभाव, दुसरीकडे मेलेलं माणूस. ते राजन्नाला म्हणाले, "आमच्या मसनात आन. लाकडं मी देतो, मानसं देतो. वावराचं नको."

"पाटील, मायनं तेवढंच मांगलं," राजन्ना म्हणाला. "बाकी काही नाई मांगलं तिनं."

"आज नाई मांगलं," गणपतकाका म्हणाले आणि नाल्याच्या उतारावर जाऊन आडवे उभे राहिले. त्यांच्या बाजूला आणखी दोघं-तिघं जाऊन उभे राहिले. दोघांच्या हातांत काठ्या होत्या. सहज आणलेल्या, गुरं हाकायच्या. पण काठी हातात असली की माणूस वेगळा दिसतो. उन्हं चढत होती. माश्या बसायला लागल्या होत्या आणि राजन्ना फडक्यानं त्या वारत होता.

माय नाला चढून कधी वर आली मला कळलंच नाही. बायका मसनवटाकडे जात नसत आमच्याकडे. तिच्या हातात पाण्यानं भरलेला गुंड होता, म्हातारीला आंघोळ घालायला आणलेला. तिनं तो बंडीजवळ ठेवला आणि उतारावर उभ्या असलेल्यांकडे पाहिलं.

"शांतीची माय, घरी जाय," बाबा म्हणाले.

"जातो. आधी एक सांगतो, मंग जातो." तिनं पदर कमरेला खोचला. "तुमी म्हनता पटकीनं गाव उठलं. पटकी आलती, खरं हाये. इहिरीचं पानी बिघडलतं. पन सारे नाई मेले. जे जिते होते, थे पानी मांगाले, ज्वारी मांगाले, ह्या नाल्यावर आलते. तवा मोहदऱ्याच्या लोकायनं नाल्यावर बोरीच्या काट्या लावल्या. काठ्या घेऊन उभे राह्यले. अशेच, जशे तुमी आता उभे हा. बुढी तवा लहान होती, बापाच्या खांद्यावर होती. तरी गोटे मारले. मंग थे लोकं जिकडं वाट भेटली तिकडं गेले. अन् वावरं तुमी घेतले."

उतारावरची एक काठी खाली टेकली.

"एकदा अडवलं तिले इथं," माय म्हणाली. "आता मेल्यावर बी अडवता काय?"

गणपतकाकांचं तोंड उघडं राहिलं. ते बाबांकडे पाहू लागले. बाबा सीतारामबुवांकडे पाहू लागले. मग सगळेच सीतारामबुवांकडे पाहू लागले, कारण जुनं काही खरं-खोटं करायचं असलं, तर ते तेवढेच होते. बुवा एका घराच्या उंचवट्यावर बसले होते, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. आता ते म्हणतील, 'खोटं हाये सूनबाई, काहीच्या काही बोलू नको,' असंच सगळे धरून होते. मला वाटतं, बाबा तर त्या शब्दांची तहानेल्यासारखी वाट पाहत होते.

बुवा काठीवर जोर देऊन उठले. त्यांनी धोतराची माती झटकली. "पऱ्हाट्या आना लेकहो," ते म्हणाले. "लाकडं वली असतीन. पऱ्हाट्या लागतीन पेटवाले."

आणि ते स्वतःच वावरात उतरले आणि वाळलेल्या पऱ्हाट्या उपटू लागले. त्या म्हाताऱ्या हातांना ते झेपत नव्हतं. आधी बाबा धावले. मग बाकीचे. गणपतकाका शेवटी उतारावर एकटेच उरले, तेव्हा तेही बाजूला झाले, पण त्यांनी हात लावला नाही. आमच्या वाड्यातली बाभळीची कोरडी खोडं बाबांनी बंडीत घालून आणली. मायनं म्हातारीला आंघोळ घातली. गव्हाळ्याच्या मसनवटात, आमच्या वावराच्या टोकाला, भीमाबाईला अग्नी दिला. मोहदऱ्याचे सगळे पुरुष उभे होते, पण एकमेकांपासून लांब लांब, जसं काही प्रत्येकानं दुसऱ्याला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

राख सावडून झाल्यावर राजन्ना गावात निरोप घेऊन निघाला. अस्थींचं मडकं त्यानं बंडीच्या चौकटीला बांधलं. बाबा त्याला नाल्यापर्यंत पोचवायला गेले, मी आणि मायही गेलो. मायनं वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. नाल्याशी आल्यावर बाबांना राहवलं नाही.

"राजन्ना, मनात ठेवू नको. सरळ सांग. वावराचं काही हाये काय तुह्या मनात?"

राजन्नानं बैल थांबवले. "पाटील, मले ह्या गावाचं नावच मालूम नव्हतं," तो म्हणाला. "मायनं उभ्या जन्मात सांगतलं नाई. आता दुखण्यात पडली, तवा म्हने, मले गव्हाळ्याले ने. मी म्हनलं, बुढी चळली. इचारत इचारत आलो." तो मायकडे वळला. "बाई, थे काट्यायचं, गोट्यायचं तुमी सांगतलं, थे मी तुमच्याच तोंडून आयकलं पह्यल्यांदा. माह्याजवळ थे कधीच नाई बोलली."

मायनं शिदोरी त्याच्या हातात दिली. बंडी नाल्यात उतरली, पल्याड चढली आणि सागवानांत शिरली. आसाची करकर बराच वेळ ऐकू येत होती. बाबा ती संपेपर्यंत उभे होते.

राजन्ना पुन्हा आला नाही. वकील आला नाही, धरण झालं नाही. पण बाबांचा संशय गेला नाही; उलट त्याला आता घरातच जागा मिळाली. ते मायकडे कधीकधी असे पाहायचे, जसे बंडीवाटेवरच्या छत्रीकडे पाहायचे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "बुढीनं खरंच सांगतलं तुले थे?" माय म्हणाली, "मंग काय मी पाह्यलं होतं?" विषय तिथंच थांबला. वावराचं ते टोक त्यांनी पुढे पेरलं नाही. मला मात्र त्याच जूनमध्ये घाटंजीला शाळेत घातलं, एका ओळखीच्या मास्तरांच्या घरी ठेवून. मायनं तो विषय काढला आणि बाबांनी या वेळी नाही म्हटलं नाही. तिच्या बोलण्याला तोपर्यंत आमच्या घरात एक वजन आलं होतं, थोडं भीतीचंच.

बाबा गेल्यावर माय माझ्याकडे यवतमाळला आली. शेती पाहायला कुणी नव्हतं, म्हणून चिंचेचं वावर आम्ही गणपतकाकांच्या मुलाला विकलं. माय गच्चीवरून खालच्या रहदारीकडे तासनतास पाहत बसायची. एवढी माणसं बघून तिचं मन भरायचं नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा विचारलं.

"माय, खरं सांग. भीमाबाईनं सांगतलं होतं, का तुह्या मनचं होतं?"

तिनं मान थोडी पुढे झुकवली. मग म्हणाली, "तिचं बोलनं मले अर्धं समजे."

"अन् बाकीचं अर्धं?"

"बाकीचं मी समजून घेतलं. एवढ्या चांगल्या मातीतून मानूस उगाच काहून उठून जाईन?" तेलाचा ओघळ तिनं कपाळावरून पुसला. "अन् खोटं असतं, त सीतारामबुवा बोलले नसते काय?"

याच्यावर मी खूप विचार केला आहे. कधी वाटतं, माय खरं बोलली. कधी वाटतं, तिनं ते तिथंच, नाल्याच्या चढावर उभारलं, आणि ते अचूक जाऊन लागलं, कारण तिथं दुखत होतंच.

मागच्या हिवाळ्यात मी मोहदऱ्याला जाऊन आले. आता डांबरी सडक गावापर्यंत गेली आहे आणि त्या सडकेनं माणसं गावाबाहेर गेली आहेत. कितीतरी दारांना कुलपं. पोरं यवतमाळला, नागपूरला, पुण्याला. मोबाईलचा टॉवर तेवढा नवा. गणपतकाकांचा मुलगा सुभाष, तोही आता साठीचा, ओट्यावर बसला होता. त्यानं मला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर खुर्ची दिली, चहा दिला. मी त्याला विचारलं, "सुभाष, गव्हाळा कसा उठला रे? तुह्या बाबानं तुले काही सांगतलं होतं काय?"

त्याचा कप हातातच राहिला. "पटकी आलती," तो म्हणाला. मग, माझ्या पिशवीकडे पाहत, "काहून इचारून राह्यली, ताई? विकलेल्या वावराचं त काही नाई नं?"

मी हसले. नाही रे, म्हटलं, सहज. तोही हसला. मग तो मला सडकेपर्यंत पोचवायला आला, ऑटोत बसताना पिशवी धरून दिली, हात केला. ऑटो सुरू झाला तरी तो तिथंच उभा होता. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी कुणी निरोप द्यायला थांबलं म्हणून. वळणावर मी मान वळवून पाहिलं. तो अजून तिथंच होता, कमरेवर हात ठेवून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी खरोखर गेले की नाही, तेवढंच तो पाहत होता.